मागच्या दारानं

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट विचारायची राहूनच गेली. शेलार गावातल्या त्या लूमच्या कारखान्यात तुम्ही मुकादम होतात. लोडशेडिंग झालं की माग थांबायचे आणि दमलेले कारागीर तिथंच सुताच्या बाचक्यांना टेकून डोळे मिटायचे. तुम्ही मात्र त्यांना निजू देत नव्हतात. "चलो, उठो, पीछे से निकलो!" पुढचं दार सताड उघडं असताना अंधारातून चाचपडत सगळ्यांना मागच्या दारानं बाहेर काढायचात. कारागीर वैतागायचे, "मुकादम, बिजली का गुस्सा हमपर क्यों?" आई घरी म्हणायची, "घामानं भिजलेली मानसं ती, जरा निजू द्या की." तुम्ही ऐकून घ्यायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेठला तर ते दार कुलपात हवं होतं, तिथून कापडाचे तागे पळवतात असा त्याचा संशय. तुमचं उत्तर ठरलेलं, "मानूस आत हाय तवर कुलूप न्हाय." नोकरी जाईल या धास्तीनं आई देव पाण्यात घालून बसायची.

मग ती दुपार. मी तुमचा डबा घेऊन मागच्या गल्लीत वळते, तर धूर. पुढच्या मीटरपाशी आग लागलीय, पुढचं दार पेटलंय, आत मिट्ट काळोख. आणि मागच्या दारातून माणसं बाहेर येतायत, खोकत, एकमेकांचे खांदे धरून. सगळ्यांत शेवटी तुम्ही. एक कारागीर म्हणतो, "मुकादम, आज तो चाय आपकी तरफ से." तुम्ही मागच्या टपरीवर बसता आणि सगळ्यांसाठी चहा सांगता. तेव्हा मला तुमचा फार अभिमान वाटला, आणि शेवटी का निघालात म्हणून रागही आला. संध्याकाळी मी विचारलं, "आबा, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात? टपरी मागं हाय. च्या प्यावाला जात व्हतो."

तुम्ही पक्के चहाबाज होतात, कबूल. पण मग एकटे जायचं होतंत की! सगळी वरात कशाला?

आता मी कोन गावाजवळच्या एका मोठ्या गोदामात सुरक्षेचं काम बघते. आगीच्या सरावाची घंटा वाजली की पोरं हसतखिदळत पुढच्या गेटकडेच पळायची, कारण त्यांचे मोबाइल तिथं जमा असतात. मागच्या दारानं निघा म्हणून किती समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी मोबाइलची पेटीच मागच्या दाराशी नेऊन ठेवली. आता सगळे बिनबोभाट मागून निघतात. त्या दिवशी मला एकटीलाच हसू फुटलं. तुमचंही असंच होतं का? की खरंच नुसती चहाची तलफ?

परवा मॅनेजर म्हणाले, माल चोरीला जातोय, मागचं दार बंद करा. तुमच्यासारखं ठणकावून बोलणं मला काही जमलं नाही. मान डोलावली. हे पत्र आता धाडणार तरी कुठं, पर्समध्येच ठेवते. कुलूपही तिथंच आहे. मॅनेजरना वाटतंय, मी ते लावलं.