आधी मी, मग भिंत

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. शाळा सातवीत सुटली म्हणून काय झालं.

आजपासून मी मजूर नाही. प्लॅनिंगच्या मॅडमनी हातात टॅबलेट दिला. मजल्यामजल्यावर फिरायचं, जी भिंत झाली तिच्यावर बोट ठेवायचं, ती हिरवी होते. मुकादम म्हणाला, बोट ठेवायला माकडही चाललं असतं. जळू दे त्याला.

४ मार्च
मॅडमनी समजावलं. अख्खी बिल्डिंग कॉम्प्युटरमध्ये आधीच उभी आहे. खांब, भिंत, पाइप, दार, प्रत्येक एक वस्तू. आणि वस्तूवस्तूंमध्ये नाती. स्लॅब या खांबावर टेकलेला, टाइल त्या पाइपच्या नंतर. नाती सांगितली की कोणतं काम कधी, ते कॉम्प्युटर न सांगता ओळखतो.
म्हटलं, म्हणजे आमची आत्या. तिलाही कोण कुणाचा कोण एवढं कळलं की पुढचं ती स्वतःच सांगते.
मॅडम हसल्या नाहीत. विचारात पडल्या असाव्यात.

७ मार्च
ताईचा फोन. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, डॉक्टरांनी २४ तारीख दिली. आई म्हणते, तो आल्याशिवाय डोळ्याला हात लावू देणार नाही. मागे दोनदा येतो म्हणालो आणि गेलो नाही, ते ताईने तारखांसकट ऐकवलं.
म्हटलं, येतो, शंभर टक्के. पण इथे माझ्यावाचून पान हलत नाही.
ताई म्हणाली, तू गोण्या वाहत होतास तेव्हाही हलत नव्हतं.
ही पहिल्यापासून अशीच.

१० मार्च
साइटवर खरं घडतं पण कॉम्प्युटरमधल्या मॉडेलमध्ये नाही, अशी नाती मी भरायची. मी भरलं: बाथरूमच्या पाइपमध्ये पाणी सोडून टेस्ट झाल्याशिवाय टाइल नाही. दुसऱ्या मजल्यावर पाइप गळला म्हणून फोडलेल्या टाइल्स मीच उचलल्या होत्या, मी विसरणार आहे का. मॅडम म्हणाल्या, हे कुणीच सांगितलं नव्हतं.
कुणीच म्हणजे मुकादम.

११ मार्च
मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, हा उद्या आला नाही तर टॅबलेट खिळ्याला टांगू, काम चालतंच.
बरं. मी नवी वस्तू बनवली. नाव: मी. नातं: प्रत्येक भिंत 'मी'च्या नंतर. मी जागा बघितल्याशिवाय वीट लागणार नाही. पाचव्या मजल्यापासून वरपर्यंत ४१२ भिंती. जेवलो नाही, पण सगळ्या जोडल्या.
आता टांगा.

१२ मार्च
चालतंय. पाचव्या मजल्यावर मुकादम माणसं घेऊन उभा आणि यादीत भिंतच येईना. मी सावकाश चहा संपवला, वर गेलो, बोट ठेवलं. भिंत आली. मुकादम म्हणाला, या साहेब. टोमणा होता. असू दे, शब्द तर तोच.
आईला फोन केला. ती म्हणाली, म्हणजे तुझ्यावाचून बिल्डिंग उभीच राहत नाही? म्हटलं, मी नाही म्हणत, कॉम्प्युटर म्हणतो.

१४ मार्च
रजेचा अर्ज. रजाही आता त्याच कॉम्प्युटरमधून. २२ पासून पंधरा दिवस मागितले. लगेच उत्तर: ही वस्तू ४१२ कामांच्या आधी लागते. पहिली मोकळी तारीख, पुढच्या वर्षी ९ जून.
अभिमान वाटला. पाच मिनिटं.

१५ मार्च
नातं जोडायचा अधिकार मला आहे. तोडायचा फक्त मॅडमना. मॅडम हेड ऑफिसला, १९ ला येणार. मुकादमाची ओळख आहे तिकडे. त्याला विचारणार नाही, मेलो तरी.

१६ मार्च
मुकादमाला विचारलं. म्हणाला, साहेब, तुम्हाला सोडलं तर भिंती पोरक्या होतील.

१७ मार्च
डोकं लढवलं. सगळ्या ४१२ भिंती 'बघितल्या आणि झाल्या' करून टाकल्या. कॉम्प्युटरने ओळखलं की आता रंग. दुपारी पाच रंगारी डबे घेऊन हजर. बाराव्या मजल्याचा रंग. बारावा मजला कुठे आहे म्हणाले. बाराव्या मजल्याच्या जागी एक घार होती.
सगळं होतं तसं केलं. हार मानली नाही, माघार घेतली.

१८ मार्च
ताईचे तीन फोन. उचलले नाहीत. काय सांगू, माझ्यात आणि घरात ४१२ भिंती आहेत?

१९ मार्च
मॅडम आल्या. स्क्रीन बघून शांतपणे विचारलं, ही 'मी' नावाची वस्तू कोण? केबिनमध्ये मी एकटाच उभा होतो.
पुसायला घेतली. म्हटलं, पुसा, पण बिल्डिंग किती महिने लांबेल तेही बघा. खुर्ची ओढून समोर बसलो. कॉम्प्युटरने सगळं नव्याने मोजलं. स्क्रीनवरची पट्टी भरली. काम संपायची तारीख: आधी होती तीच.
एक दिवस इकडे नाही, एक दिवस तिकडे नाही.
दोनदा मोजायला लावलं. मॅडमनी लावलंसुद्धा. मग म्हणाल्या, पाइपच्या टेस्टचा तुझा नियम ठेवते, तो कामाचा आहे. आणि रजा मंजूर.
कॉम्प्युटर चुकतो कधीकधी. माझा दरारा, माझा आवाज, या गोष्टी त्याला कुठे कळतात.

२० मार्च
घरी फोन. ताईला म्हटलं, येतोय, भांडून रजा काढली. ती म्हणाली, ऑपरेशन परवाच झालं. एक पेशंट आला नाही, डॉक्टरांनी बोलावलं, आई लगेच चप्पल घालून तयार. तुला तीन फोन केले.
मी म्हटलं, पण आई तर माझ्याशिवाय नाही म्हणत होती.
ताईने फोन आईला दिला. आई म्हणाली, तुझ्यावाचून तिकडे बिल्डिंग अडते, मग तुला कशाला अडकवायचं. मनात आलं, आपणच उरकून घ्यावं. डोळा छान आहे रे. लांबचं दिसतं आता.
मग तिने विचारलं, अजून अडतं ना?
म्हटलं, हो. फार अडतं.

तिकीट काढलं. आईच्या डोळ्यात औषधाचे थेंब ताई घालते.