गुलाबचा पेला वेगळा नसेल

मुंबई, मार्च १९८९

चांगुणा, तुला जय भीम. टँकर येतो का?

तुझ्या दिराचा ताप उतरलाय. सकाळी गुलाबनं माझ्याबरोबर त्रिशरण म्हटलं, मग भाकरी मागितली.

त्याला एड्स झालाय म्हणून भावकी त्याचा पेला वेगळा ठेवायला सांगते, असं तू लिहिलंस. लहानपणी हॉटेलाबाहेर आपली कपबशी वेगळी असायची, ते एवढ्यात विसरले?

डॉक्टर सांगतात, हा रोग शिवल्यानं, उष्टं खाल्ल्यानं होत नाही. निरोधाशिवाय संबंध ठेवल्यानं, रोग्याच्या रक्तानं, त्याला टोचलेल्या सुईनं होतो. तेवढं जपू. तूही पोरांना उकळलेल्या सुईशिवाय टोचू देऊ नकोस.

शनिवारी त्याला बेंबळीला आणतोय. तो आपल्या पंगतीतच जेवेल. ज्याला चालत नसेल, त्यानं स्वतःचा पेला घरून आणावा.

तुझा,
मच्छिंद्र