भरतीवर चालणारी शाळा

तात्या, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मी लिहायला बसले आहे ती तुमच्या जावयांचं गाऱ्हाणं सांगायला. दुसऱ्या कोणाला सांगू? सासूबाईंचा तो मुलगा, आणि शेजारणीला सांगावं तर दिवेलागणीच्या आत सगळ्या माळावर होईल. माळ म्हटलं म्हणून काळजी करू नका. कल्याणात गाठीच्या प्लेगची साथ शिरली, तेव्हा बरीच घरं कुलपं लावून गावाबाहेर पडली. आम्हीही शहाडच्या अलीकडे कुडाची झोपडी घालून राहिलो आहोत. सगळे धड आहोत. शाळेला टाळं लागल्यामुळे तिन्ही मुलं दिवसभर माझ्या पायात असतात. मुलगी अकरा वर्षांची, मधला मुलगा आठाचा, आणि धाकट्याला पाटीवर लिहिण्यापेक्षा पेन्सिल चघळण्यात जास्त गोडी. तिघांना मीच शिकवते.

तुमचे जावई स्टेशनात मालाच्या कचेरीत असतात, घड्याळावर जगणारा माणूस. त्यांनी खोक्याच्या फळीवर कोळशाने वेळापत्रक लिहून दिलं. अमक्या वेळी गणित, अमक्या वेळी वाचन, मध्ये सुट्टी. दिसायला फार सुरेख. पहिल्याच दिवशी गणिताच्या वेळी नदीवरून पाणी आणायचं निघालं, वाचनाच्या वेळी धाकटा सोवळ्यातल्या सासूबाईंना शिवला आणि एकच ओरडा झाला, आणि भूगोलाच्या वेळी मास्तरीणबाई चुलीतल्या ओल्या लाकडांशी भांडत होत्या. दोन दिवस मी निभावलं. तिसऱ्या दिवशी फळी उलटी करून हंड्यावर झाकण म्हणून ठेवली.

हसू नका. मी तुमच्याच घरात वाढले. ठाण्याच्या खाडीवरचं ते मिठागर, बांधावरचं आपलं घर, आणि चालत जाता येईल अशी शाळा कुठेच नाही. तुम्ही तिथले कारकून. मिठाचे मचवे भरतीवर सुटायचे, त्या वेळी तुम्हाला धक्क्यावर उभं राहावंच लागे, म्हणून आमचा अभ्यास पाणी उतरलेलं असताना. भरती रोज दोन घटका उशिरा येते, तसा आमचा अभ्यासही रोज सरकायचा. मला अजून सगळं दिसतं. मी ओटीवर बसले आहे, दादा त्रैराशिक मांडतो आहे, धाकटा भाऊ शिंपल्या ओळीने लावतो आहे. भरती लागते, बांधावरून कोणीतरी हाक मारतं, "तात्या, पानी चरला! चला!" आणि तुम्ही बोलता बोलता उठता. अर्धं राहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी तिथूनच पुरं करता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी मिठागराच्या कोंडीत भरून घ्यायचं असे, त्या दिवशी अभ्यासच नाही. पुढे कळलं की पंतोजींच्या शाळेलाही त्याच दिवशी सुट्टी असते, तेव्हा शास्त्रं मिठागरवाल्यांनीच लिहिली असावीत अशी माझी खात्री झाली होती.

तिघांची वयं वेगळी, पण तुम्ही तीन शाळा कधी मांडल्या नाहीत. एकच मचवा तिघांना पुरायचा. धाकट्याने गोण्या मोजायच्या, मी मचवा हाकणाऱ्या तांडेलाचं नाव आणि गाव लिहायचं, दादाने वजनाचा हिशेब करायचा. एकदा धाकटा काही केल्या बसेना, तेव्हा मी त्याचा कान पिरगळला. तुम्ही माझा हात सोडवलात आणि म्हणालात, "ओहोटीला मचवा ढकलून काय होतं? रुततो. थांब जरा, पाणी येईल." मला फार राग आला होता. कान त्याचा, आणि बोलणी मला.

सासरी आल्यावर माझी काय फजिती झाली ते तुम्हाला कधी कळवलं नाही. मुलगी चार वर्षांची झाली, तसं मी तिला अक्षरं गिरवायला बसवलं. सासूबाई चार दिवस बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, परवा न्याहारीच्या वेळी, काल आंघोळीनंतर, आज पानं घ्यायच्या वेळी. उद्या काय आम्ही निजल्यावर बसवणार आहेस?" मी म्हटलं, "भरती सरकते ना, सासूबाई." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या कोरड्या ठणठणीत तुळशीकडे. मीठ नाही, मचवे नाहीत, आणि मी आपली मुलीला रोज दोन घटका पुढे ढकलत होते. तेव्हापासून त्या घरात कोणाला उशीर झाला की भरती सरकली असं म्हणतात.

आता गाऱ्हाणं. परवा संध्याकाळी जावई कामावरून आले, हंड्यावरची फळी पाहिली आणि पाय धुता धुता म्हणाले, "गाडी कधी सुटते ते ठरलेलं असतं, म्हणून माणसं वेळेवर येतात. तुझ्या शाळेचं काही ठरलेलंच नाही." इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणाले, "आणि एवढा पसारा हवाय कशाला? मुलाकडे बघ, साथ ओसरली की त्याला वरच्या वर्गात बसायचंय. पोरीचं पुरे झालं आता. पुढच्या वर्षी तिचं बघायचंच आहे." माणूस वाईट नाही, तात्या. दमून आला होता, आणि त्याच्या मते माझाच भार हलका करत होता. पोर चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिने मान वर केली नाही, पण पाटीवर लिहिणारा तिचा हात थांबला.

तेव्हा मला आपल्या घरातली एक दुपार आठवली. दादाला ठाण्याच्या शाळेत घातला होता, आणि आई म्हणाली, "आता हिचं पुरे. हिला काय कारकुनी करायचीय?" तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "हे हिच्यासाठी चाललंय कुठे? मला सवड नाही, धाकट्याला शिकवायला घरात दुसरं कोण आहे? त्याला द्यायचा तो धडा हिला आधी यायला नको?" आईने तुम्हाला आणखी भात वाढला. त्या दिवसापासून तुम्ही मला धाकट्याच्या पुढेच ठेवलंत, इतकी पुढे की तो दिडकीच्या पाढ्यात अडकला होता तेव्हा मी व्याजाचे हिशेब करत होते.

मी तेच वाक्य उचललं. म्हटलं, "तिचं बंद केलं तर मधल्याला कोण बघणार? मी चुलीपाशी, धाकटा कडेवर. त्याला पुढे न्यायचं तर तिला त्याच्या पुढेच राहायला हवं." आतून सासूबाई म्हणाल्या, "खरं आहे रे. मधला तिचंच ऐकतो, हिचं कुठे ऐकतो?" मग जावई म्हणाले, "असं सांग ना आधी. इंजिन पुढेच लागतं." आणि जेवायला बसले.

पण आज सकाळी पोरीने पाटी आपटली. "मी म्हणजे ह्यांची पंतोजी! माझं म्हणून काहीच नाही, सगळं भावासाठी!" मीही तुम्हाला अगदी हेच म्हणाले होते. तुम्ही पागोटं डोक्यावर ठेवलंत आणि धक्क्याकडे चालू लागलात. मला जायला धक्का नाही. भावाचं नाव नुसतं निमित्त आहे हे खरं तिला सांगावं, तर लहान पोर, बापाच्या गळ्यात पडून सगळं सांगून टाकेल. मी नुसतं म्हटलं, "पुढचा धडा काढ."

खरं सांगते, तात्या. तुम्ही तेव्हा मुद्दाम तसं बोललात, की खरोखरच तुम्हाला सवड नव्हती आणि धाकट्यासाठी एक फुकटची मास्तरीण हवी होती, हे मला ठाऊक नाही. विचारायचं राहिलं. माझं लग्न झालं, आणि मग तुम्हीच राहिला नाहीत. मी मात्र तुम्ही मुद्दामच बोललात असं धरून चालले आहे, परवा त्याच जोरावर नवऱ्यापुढे तोंड उघडलं. आणि तसं नसेल, तर हे पत्र तुमच्यापर्यंत पोचत नाही तेच बरं आहे.