न आठवणारा पॉइंट

प्रिय ग्रॉन्याताई,

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. ओळी वाकड्या गेल्यात, कारण ओट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितोय. बसलो की पाय हलायला लागतात. दोन वाक्यं लिहायची, गोठ्यापर्यंत जाऊन यायचं, परत दोन वाक्यं. आई म्हणाली, "एका जागी थांब रे, फरशी झिजेल."

इकडे गाव वेडं झालंय. आपल्या टिपररी जिल्ह्याचा संघ या रविवारी हर्लिंगच्या फायनलला, आणि त्यात आपल्या गावचा पोरगा! खांबाखांबावर निळे-पिवळे झेंडे आहेत. बाबा तर हवेतच आहेत. परवा दूध काढताना म्हणाले, "फिन्टन, तुझ्या त्या पॉइंटपासून गाईसुद्धा माझ्याकडे मानाने बघतात." आठवतं, तू मला घरामागच्या भिंतीवर हर्लीच्या काठीने चेंडू मारायला लावायचीस, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून? चुकलो की विचारायचीस, "हर्ली धरलीयस की झाडू?" तिथून गावचा संघ, मग जिल्ह्याच्या पोरांचा, आणि यंदाच्या हिवाळ्यात मोठ्यांच्या संघाचं बोलावणं. दिवसभर लोकांच्या घरात विजेच्या तारा ओढायच्या आणि संध्याकाळी चिखलात धावायचं. यापेक्षा चांगलं आयुष्य मला ठाऊकच नव्हतं.

सेमीफायनलमधल्या त्या पॉइंटबद्दल जो तो बोलतो. खाटीक हॅकेट तर हातातला सुरा हर्लीसारखा फिरवून दाखवतो: "असा वळलास, त्या धटिंगणाला असा चकवलास, आणि पडता पडता चेंडू थेट गोलच्या दांडीवरून!" मी मान डोलावतो. तूही तिकडे कॉर्कला, तिथल्याच लोकांत बसून, त्यांच्या संघाविरुद्ध ओरडून घसा बसवून घेतलास म्हणे. ग्रॉन्या, मला तो पॉइंट आठवत नाही. त्यांच्या बचावपटूचा खांदा माझ्या हेल्मेटवर आदळला, इतकं आठवतं. त्यानंतर एकदम परतीची बस आठवते, आणि तिच्यात कुणीतरी बेसूर गात होतं. फोनवर तो पॉइंट बघायला गेलो, तर माझा शर्ट घालून कुणी परकाच पळतोय असं वाटलं. फार वेळ बघवलंही नाही. पडद्याच्या उजेडाने डोळ्यांमागे खिळा ठोकल्यासारखं होतं.

संघाच्या डॉक्टरांना म्हणालो, थकवा आहे. आई काही विचारत नाही, पण मी घरात आलो की खिडक्यांचे पडदे ओढते आणि रेडिओ बंद करते.

मंगळवारच्या सरावात माझ्याकडे एकाऐवजी दोन चेंडू आले, आणि मी दोन्हींच्या मधोमध हात घातला. आमचा ट्रेनर मॉसी ओरडला, "काय रे, माश्या पकडतोयस?" सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्याच दिवशी कुणाला न सांगता डब्लिनला गेलो. मेंदूच्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हिवाळ्यातही एकदा असाच हादरा बसला होता ना? आता आणखी एक फटका बसला, तर पुढचं मी काही सांगू शकत नाही. हा रविवार नाही, आणि यापुढेही नाही." मी म्हटलं, "फक्त अर्धा खेळ?" त्यांनी माझी फाईल मिटली. परतीच्या गाडीत मला एका डब्यात बसवेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतच आलो. वाटेत किती वेळा ठरवलं, की गप्प राहायचं आणि खेळायचं. बाविसाव्या वर्षी फायनल सोडून द्यायची म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको.

तरी उद्या सकाळी मॉसीला सांगणार आहे. मग बाबांना. ते ओरडले तर बरं होईल. ते गप्प बसतील याचीच भीती वाटते. पत्र लिहिलं ते यासाठी: तुझी हॉस्पिटलमधली पाळी बदलून घे आणि रविवारी ये. मी स्टँडमध्ये असेन, साध्या कपड्यांत. संघ मैदानात उतरेल, लोक उठून ओरडतील, तेव्हा मीही उठेन आणि माझे पाय मैदानाकडे जाणाऱ्या पायऱ्यांकडे वळतील. त्या वेळी माझा दंड घट्ट धरून ठेव. बाबांना ते जमणार नाही.

तुझाच,
फिन्टन