मागच्या दाराची कडी

मुरुम,
चैत्र वद्य पंचमी, शके १८७१

श्री

सकिनाबीस नीलम्माचा सलाम. खाजाभाईंना नमस्कार. फरिदाला पुष्कळ आशीर्वाद.

वर सवयीनं 'श्री' लिहून बसले आणि मग वाटलं, खोडावं का? पण वीस वर्षं माझ्या हातात बांगडी सरकवताना तू 'बिस्मिल्ला' म्हणायचीस आणि मी 'बसवा, बसवा' असा देवाचा धावा करत कळ सोसायची. बांगडीनं कधी तक्रार केली नाही. म्हणून राहू दिलं.

तुझं पत्र परवा मिळालं. गुलबर्ग्याचा शिक्का नंतर पाहिला, आधी अक्षर ओळखलं. मी एवढ्यानं ओरडले की संगव्वा चुलीवरचं दूध सोडून पळत आली. दूध गेलं उतू. जाऊ दे. फरिदा, तुझा 'ळ' अजून उताणाच पडलाय गं. आमच्या कट्ट्यावर पाटी घेऊन बसायचीस तेव्हा शंभरदा गिरवून घेतला होता, तरी तो उठून बसत नाही. बाकी अक्षर चांगलं आहे. माझं अक्कलकोटचं चौथीपर्यंतचं शिक्षण कुणाच्या तरी कामाला आलं म्हणायचं.

हे पत्रही तूच आईला मोठ्यानं वाचून दाखवणार. मधलं काही गाळायचं नाही. मास्तरीणबाईंचा हुकूम आहे.

आता मोठी बातमी. संगव्वाचं लग्न ठरलं. मुलगा आळंदचा, कापडाचं दुकान आहे. नाक जरा माणसाच्या आधी घरात येतं, पण बोलायला गोड आहे. वैशाख शुद्ध दशमीला लग्न, अष्टमीला बांगड्या भरायच्या. आमचे हे आत्तापासून आचाऱ्याशी भांडायला लागलेत. लग्न मुलीचं आहे की जिलबीचं तेच कळेनासं झालंय.

तुझी लाडकी म्हैस व्याली. रेडी झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे. तुमच्या घराचं कुलूप शाबूत आहे; आमचे हे दर सोमवारी बाजारातून येताना हात लावून बघतात. अंगणातला लिंब यंदा खूप फुललाय. दुकानाच्या फळ्या मात्र कुणीतरी नेल्या. आतल्या फुटक्या बांगड्यांच्या काचा मी वेचल्या. तीन टोपल्या निघाल्या, हिरव्या, लाल, मोरपंखी. गल्लीतल्या पोरांच्या पायांत दिवाळीपर्यंत त्या काचा निघत होत्या.

खाजाभाईंच्या हाताबद्दल लिहिलंस ते दोनदा वाचलं. दोन बोटं मिटत नाहीत, गिऱ्हाइकाचा हात धरता येत नाही, म्हणून आता ते नुसते बसून रंग निवडून देतात आणि भरतेस तू एकटी. ते वाचून मी पत्र देव्हाऱ्याखाली सरकवून ठेवलं आणि भाकरी थापायला गेले. भाकरी काही गोल झाली नाही.

आयुबचं काही कळलं का? तुझा धाकटा दीर, पण वाढला तो निम्मा माझ्याच चुलीपुढं. पुरणाचे कडबू केले की वासावर यायचा. तू पत्रात त्याचं नाव घेतलं नाहीस. माझ्या घरात त्याचं नाव अजून निघत नाही, तुझ्याही घरात निघत नसेल. पण पोटात आहेच.

त्याच्यावरूनच सुरुवात झाली ना. पोरानं रझाकारांचा खाकी पोशाख चढवला, खांद्याला बंदूक लटकवली, आणि भर बाजारात ह्यांना उभं करून म्हणाला, "कल्याणप्पा शेट, पटका उतारो. सलाम करो." ज्याला ह्यांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्यानं. हे घरी आले ते उघड्या डोक्यानं. पाणी प्याले नाहीत. म्हणाले, "आजपासनं त्या घरातलं कुत्रंबी आपल्या दारात न्हाय पाहिजे." मी व्हय म्हटलं. गल्लीतल्या सगळ्यांनीच व्हय म्हटलं. तुम्हा मनेरांच्या हातून बांगड्या भरायच्या नाहीत, उमरग्याहून आपला कासार आणायचा असं ठरलं. तूच त्याच दिवशी आयुबला घराबाहेर काढलंस हे मला पुढं किती दिवसांनी कळलं. मी तुला विचारलंच कुठं होतं?

श्रावणातलं तुला ठाऊकच आहे. तरी माझ्या तोंडून एकदा ऐक.

नागपंचमीच्या दोन दिवस आधी तू दर वर्षीसारखी बांगड्यांचा मलार खांद्यावर घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसलीस. मी आदल्याच दिवशी त्या कासाराकडून हात भरून घेतले होते. भरून झाल्यावर त्याच्या पायाही पडले, रीतच आहे ना, भरणाऱ्याच्या पाया पडायची. वाकले तेव्हा चुकल्यासारखं वाटलं, कारण वीस वर्षं ते पाय तुझे होते. तुला बघितलं आणि मी दारामागं लपले. संगव्वाला म्हटलं, "आई घरात न्हाय म्हन." पोरगी तसं म्हणाली. आणि मी मेली, तू गेलीस का बघायला फटीतून वाकले आणि बांगड्या वाजल्या.

गल्लीतल्या कुठल्या हाताचा आवाज तुला ओळखू येत नाही? तू दाराकडं बघितलंसुद्धा नाहीस. मलार उचललास आणि म्हणालीस, "संगे, तेरी माँ आई तो बोल, नवी चुडियाँ की काच कच्ची है. हात संभाल को रख बोल."

दोन दिवस जेवण गेलं नाही मला. त्यापेक्षा तू रागावली असतीस तर बरं झालं असतं.

आता तू पत्रात लिहिलंयस, 'श्रावणातलं मी कधीच विसरले, नीलाक्का. मनात आणू नको.' तेवढ्यावरच थांबली असतीस तर हे पत्र इथंच संपवून मी निवांत बांगड्यांचं बोलले असते. पण त्याच्या खाली आणखी दोन ओळी आहेत. त्या मला आता पाठ झाल्यात. 'फौज आल्यावर जे झालं त्या दिवशी तू अक्कलकोटला होतीस हे अल्लानं बरं केलं. घरात असतीस तर तू दार उघडलं असतंस, आणि आमच्यापायी तुझं घर गेलं असतं.'

फरिदा, मधलं गाळायचं नाही असं वर लिहिलं ते इथल्यासाठी. थांबू नकोस. वाच.

सकिना, मी घरात होते.

नागपंचमीनंतर रझाकारांच्या भीतीनं आम्ही अक्कलकोटला गेलो ते खरं. पण हिंदची फौज आल्याचं कळलं तसे आम्ही परत आलो, त्या दिवसाच्या आदल्या दिवशी. गाव अजून शांत झालेलं नव्हतं म्हणून पुढच्या दाराचं कुलूप ह्यांनी तसंच बाहेरून राहू दिलं. आम्ही मागल्या दारानं आत आलो. त्या दुपारी हे आडतीवर गेले होते. घरात मी आणि संगव्वा. मी ज्वारी निवडत होते.

आधी वरच्या आळीकडून जमावाचा ओरडा ऐकू आला. मग मागच्या बोळात धावण्याचा आवाज, आणि मागच्या दाराची कडी वाजली. दोनदा, मग थांबून एकदा. वीस वर्षं अशी कडी फक्त तू वाजवतेस. मग फरिदाचा आवाज आला, "मावशी, दार उघडा. मी फरिदा हाय."

संगव्वा उठली. मी तिच्याकडं असं बघितलं की ती खाली बसली.

श्रावणात बांगड्या वाजल्या होत्या. या खेपेला मी वाजू दिल्या नाहीत. दोन्ही मनगटं पदरात गुंडाळली, पोटाशी आवळून धरली आणि श्वास रोखून बसले. खाजाभाई म्हणाले, "चल गे, घर में कोई नै." आणि तू म्हणालीस, "अक्का रहती तो खोलती." मग तुम्ही ओढ्याकडं पळालात.

एवढंच झालं. किती वेळ म्हणशील तर ज्वारीचं एक सूप निवडून झालं नसतं.

ओढ्याच्या वळणावर त्या जमावानं खाजाभाईंना गाठलं, त्यांचा हात मोडला, हे मला संध्याकाळी कळलं. तू आणि फरिदा ज्वारीच्या रानात शिरलात म्हणून वाचलात. माझं दार तिथून हाकेच्या अंतरावर.

ह्यांच्यावर ढकलता येत नाही, हे घरात नव्हते. भीती वाटली म्हणावं, तर वाटलीच. पण भीतीच्या खाली आणखी एक होतं आणि ते तुला सांगितल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. कडी वाजली तेव्हा मला ह्यांचं उघडं डोकं दिसलं. एक क्षण मनात आलं, आता बघा म्हणावं, कसं वाटतं ते. कुणाला म्हणत होते गं मी? तुला? पाटीवर 'ळ' गिरवणाऱ्या या पोरीला? आयुब त्या बोळात नव्हताच. दाराबाहेर तुम्ही तिघंच होता, आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं तिघंही नव्हता. नुसते मुसलमान होते. तुझ्यासाठी हा शब्द मी वीस वर्षांत कधी मनातसुद्धा घेतला नव्हता.

पदर सोडला तेव्हा तो रक्तानं भिजला होता. तू म्हणाली होतीस तशीच काच कच्ची निघाली. तीन बांगड्या आवळताना वाढल्या आणि डाव्या मनगटात शिरल्या. व्रण आहे. कुणी विचारलं तर विळी लागली म्हणते. ह्यांना मात्र तुझं पत्र आल्यावर सगळं सांगितलं. म्हणाले, "माझा पटका पुन्हा बांधता आला, नीलम्मा. त्याची बोटं न्हाय बांधता येत. लिही तिला."

संगव्वा त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. लग्नाचं ठरलं तेव्हा एकच मागितलं, "चुडा सकिनामावशीच्या हातनं. आनि आधी तिला खरं सांग. न्हाय तर म्या हात पुढं करणार न्हाय." माझ्या पोटी जन्मली, पण माझ्यापेक्षा बरी निघाली.

खोटं सांगून तुला बोलावता आलं असतं. तू आली असतीस, धावत. पण आलीस की आधी माझा हात हातात घेणार. अंगठ्याचं पेर दाबून बघणार, "हड्डी नको बन अक्का, हात ढीला छोड," म्हणणार, आणि मग तुझं बोट त्या व्रणावरून फिरणार. बांगडी भरणारीला हातातलं काय लपतं? विळीचा व्रण कसा असतो आणि काचेचा कसा, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक. इथं, पाहुण्यांत, तुला ते कळण्यापेक्षा तिथं कळावं. तुझ्या घरात, तुझ्या लेकीच्या आवाजात. तिथून तुला उठून जावं लागणार नाही.

फरिदा, तू 'मावशी' म्हणून मारलेली हाक मी ऐकली होती. उत्तर द्यायला सात महिने लागले. मला माफ करायचं की नाही ते तुझी आई बघेल. तुझं तू वेगळं ठरव.

मला तू हवी आहेस गं, सकिना. नुसती चुड्यासाठी नाही. आपल्या नवऱ्याची नक्कल करून मला हसवायला, संगव्वाच्या सासूला नावं ठेवायला, आणि संगव्वा निघाली की ओट्यावर माझ्या शेजारी बसून रडायला. त्या नाकाळ्या जावयाबद्दल सगळ्या गावाशी बोलले, पण ज्याच्यावर तू हसली नाहीस ते मला हसण्यासारखं वाटतच नाही.

अष्टमीला सकाळी दुधनी स्टेशनावर आमची बैलगाडी उभी राहील. हे स्वतः येतील, पटका बांधून. खाजाभाईंना म्हणावं, रंग त्यांनीच निवडायचा आहे, हिरव्यातला कुठला हिरवा ते आम्हाला कुणाला कळत नाही. तुम्ही उतरला नाहीत तर गाडी परत येईल आणि मी का म्हणून कधीही विचारणार नाही. तुझ्या घराच्या कुलपाला सोमवारी हात लावणं चालूच राहील.

त्या दिवसापर्यंत संगव्वाच्या मनगटाला मी कुणाला हात लावू देणार नाही. बायका बोलतात, लग्नाची पोर आणि हात मोकळे. बोलू देत. आणि आमच्या मागच्या दाराची कडी मी काढून टाकली आहे. आता ते नुसतं ढकललं की उघडतं.

'तुझी' असं लिहायला हात धजत नाही. म्हणून जेवढं खरं आहे तेवढंच लिहिते,

त्या दुपारी घरात असलेली,
नीलम्मा