पूर्वेच्या खांबाबाहेरून

रत्नागिरी,
मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी १९८६

चिरंजीव भिकाजी यास,

आत्मारामदादाचा आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व धडधाकट आहोत, तिकडे तुम्हीही असालच असे धरून चालतो. सौ. राहीचा खोकला गेला का? (अडुळशाचा काढा मध घालून द्यायचा, साखर नव्हे. मागल्या पत्रात मी स्पष्ट 'मध' लिहिले होते.) तुझा डावा गुडघा काय म्हणतो? गोदीच्या संघातून खेळणे सोडून आता तिथल्याच पोरांना तू शिकवतोस आणि त्यासाठी सहा आठवड्यांचा रीतसर कोर्स केलास, हे मामींकडून कळले. आनंद आहे. मी कसलाही कोर्स केलेला नाही हे तू जाणतोसच. शाळा चौथीपर्यंत, गवंडीकाम बघून बघून, आणि फुटबॉलचे सतराही नियम इंग्रजी पुस्तकातून, मांडीवर शब्दकोश घेऊन, सात महिन्यांत. आज ऑफसाइडबद्दल अख्ख्या तालुक्यात माझ्याशी कोणी वाद घालत नाही. (यंदा देवरूखच्या रेफरीने घातला, पण ते सगळे लिहायला बसलो तर पाकीट जड होईल.)

तर देवरूखच्या ढालीची फायनल आपण हरलो, हे तुला वेगळे सांगायला नकोच. आपले दीपस्तंभ मंडळ फायनल हरले याला आता बातमी म्हणत नाहीत. सतरा वर्षांतली ही पाचवी फायनल. पहिल्या पाच-सहा वर्षांत लोक छातीवर हात मारून 'यंदा!' म्हणत. मग 'पुढच्या साली' म्हणू लागले. मग 'बघू'. आता आपली गाडी परत आली की नाक्यावरचा पानवाला 'जिंकलात काय?' असे विचारीत नाही, 'किती?' एवढेच विचारतो. ७४ साली मंडळाबरोबर दोन एस्ट्या भरून माणसे गेली होती, तू स्वतः टपावर बसायला निघाला होतास. यंदा एक टेम्पो, त्यात बावीस माणसे, आणि त्यातली चार संगमेश्वराला लग्नासाठी उतरली. उरलेल्या अठरांपैकी एकाने सामना सुरू व्हायच्या आधीच मला विचारले, की मेस्त्री, आपण हरल्यावर लगेच निघायचे की चहा घेऊन? मी म्हटले, "मेल्या, आधी हरू तरी दे!" तर म्हणतो कसा, "ते नाय चुकत. चहाचं तेवढं ठरवू."

पण करीम उस्ताद मात्र तसाच. तुला चेंडू मारायला त्यानेच शिकवले, तेव्हा त्याच्याबद्दल मी काय सांगावे? बोटीवर खलाशी असताना तो बसऱ्याच्या धक्क्यावर खेळ शिकला आणि गावी येऊन सायकलचे दुकान टाकल्यावर सतरा वर्षे एक पैसा न घेता आपल्या पोरांना शिकवतो. दाढी पांढरी झाली, पण शिट्टीचा आवाज बदललेला नाही आणि उपदेशही बदललेला नाही: चेंडू जमिनीलगत ठेवा. देवरूखला उतरल्या उतरल्या त्याने मैदानावर पाय आपटून बघितला आणि मला म्हणाला, "मेस्त्री, यंदाची पोरं चांगली हायत. यंदा व्हायला पायजे." हे वाक्य मी सतरा वेळा ऐकले आहे. आणि तरी, भिकाजी, माझ्या अंगावर दर वेळी शहारा येतो. याला मी काय करू?

आता सामना. देवरूखचे मैदान उत्तर-दक्षिण आहे आणि टेबलासारखे सपाट आहे. (मी बुटाची टाच टेकवून पाहिले.) पहिल्या अर्ध्यात आपण उत्तरेच्या गोलावर चाल करीत होतो. आपल्या विठूने, जो आपला सेंटर फॉरवर्ड आणि एरवी रापणीच्या जाळ्यावर काम करतो, सात फटके मारले. सातही जमिनीलगत, सातही जोरकस, आणि सातही उजव्या खांबाबाहेरून. लोक म्हणाले, विठूचा पाय उजवीकडे जातो. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता आपण दक्षिणेच्या गोलावर. विठूने सहा फटके मारले आणि सहाही डाव्या खांबाबाहेरून गेले. लोक म्हणाले, आता डावीकडे जातो, याला बसवा. त्यांचा गोलकीपर दुसऱ्या अर्ध्यात खांबाला टेकून शेंगा खात होता, हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही, टरफले मी नंतर पाहिली. एकाही माणसाच्या डोक्यात आले नाही, पण माझ्या आले, की उत्तरेकडे तोंड केल्यावर उजवा आणि दक्षिणेकडे तोंड केल्यावर डावा, म्हणजे दोन्ही वेळा पूर्वेचा! तेरा फटके, तेराही पूर्वेच्या खांबाबाहेरून. पोरांचे पाय चुकत नव्हते, भिकाजी. ते सगळे मिळून एकाच दिशेला बरोबर येत होते. शेवटी त्यांनी एक गोल केला, तोही आपल्या बॅकच्या पायाला लागून, आणि आपण चहा घेऊन निघालो.

मला झोप कुठली लागते. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, संध्याकाळी साडेपाचच्या ओहोटीला मी नळी, दोरी आणि दोन खुंट्या घेऊन पुळणीवर गेलो. (सौ. दमयंती म्हणाली, हरले ते हरले, आता समुद्र काय मोजता?) तुला आठवतच असेल, आपला सराव सतरा वर्षे त्याच पुळणीवर होतो. ओहोटी लागून वाळू घट्ट झाली, की किनाऱ्याला समांतर मैदान आखायचे, एक लांब बाजू समुद्राकडे आणि एक माडांकडे, गोल उत्तर-दक्षिण. काचेसारख्या नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी बघायची, ही आमच्या धंद्यातली साधी रीत. मी ती केली आणि खुंटीवरचा आकडा बघून खाली वाळूतच बसलो. पन्नास फुटांत दहा इंचांचा उतार! मैदान दीडशे फूट रुंद, म्हणजे माडांच्या कडेपासून समुद्राच्या कडेपर्यंत अडीच फूट. विठूची कमर जमिनीपासून तीन फूट एक इंच आहे, (बोलावून मोजली,) त्यावरून अंदाज कर. आपली पोरे सतरा वर्षे उतारावर शिकली. चेंडू पश्चिमेला, समुद्राकडे घसरणार म्हणून पाय आपोआप थोडा पूर्वेला मारायला शिकला, आणि सपाट मैदानावर गेले की चेंडू घसरत नाही, पण पाय मात्र पूर्वेलाच मारतो. पुळण उतरती असते हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण पुळण निराळी आणि मैदान निराळे असे धरून आपण सगळे चाललो होतो. हा शोध मी एकट्याने लावला, कोणाही इंजिनियरची मदत न घेता, आणि दोन दिवस मी गावात जरा मान वर करून चाललो हे कबूल करतो.

तिथेच चुकले. रविवारी, दोन तारखेला, काशीरामशेठच्या आंब्याच्या वखारीत मंडळाची सभा झाली. (काशीरामशेठ यंदाही अध्यक्ष. पेट्या त्यांच्या, त्यामुळे बसायला जागाही त्यांची.) मी माझे मोजमाप सविस्तर मांडले, विठूच्या कमरेसकट. मला वाटले, वाहवा होईल. शेठ म्हणाले, "म्हणजे सतरा वर्षं मैदान तिरकं होतं आणि उस्तादाला पत्ता नाय?" झाले. जो तो बोलू लागला. एक म्हणाला, उस्तादाचे डोळे आता चालत नाहीत. दुसरा म्हणाला, डोळे तेव्हाही चालत नव्हते. तिसरा म्हणाला, बसऱ्याला सगळीच जमीन तिरकी असेल. करीम तिथेच एका पेटीवर बसून चेंडूच्या ब्लॅडरला ठिगळ लावीत होता. त्याने एकदा मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मेस्त्रीनं मापलंय ना? मग बरोबरच असणार." आणि पुन्हा ठिगळ घासू लागला. थोड्या वेळाने मगरिबच्या नमाजाची वेळ झाली म्हणून उठला, चेंडू फुगवून माझ्या हातात दिला आणि गेला. त्याच्या चपलांचा आवाज वळणाआड गेला. मग सगळे एकदम बोलले, आणि ठराव झाला, की उस्तादांना शाल-श्रीफळ देऊन मोकळे करावे. कोणी सांगायचे? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. तुमची दोस्ती, मेस्त्री. तुम्ही नीट शब्दांत सांगाल.

मी तीनदा गेलो. पहिल्या दिवशी दुकानात गेलो तर तो म्हणाला, "तुझं मागलं चाक डुलतंय," आणि मी काही बोलायच्या आत चाक काढून बसला. सरळ करून दिले, पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होते. (एकच होते, ते गेल्यावरही मी थांबू शकलो असतो.) तिसऱ्या दिवशी घरी गेलो. मैमुनाभाभींनी विचारले नाही, तांदळाची भाकरी आणि बांगड्याचे तिखले पुढे ठेवले. म्हणाल्या, "देवरूखवरून आल्यापासून हे धड जेवत नाहीत, तुम्ही बसलात तर बसतील." मग आम्ही दोघे बसलो. मी शेवटच्या घासापर्यंत वाक्य जुळवीत होतो, 'सतरा वर्षांच्या अमूल्य सेवेबद्दल' इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात करीम हात धुऊन आला आणि म्हणाला, की तो सकाळी सायकलवरून मिरजोळ्याला जाऊन आला, तिथल्या कारखान्यांच्या मागे कातळावर एक सपाट तुकडा आहे, पावलांनी मोजला, लांबीला पुरतो. गुडघे फुटतील पोरांचे, पण वर माती टाकून घेऊ. मग मला म्हणाला, "मेस्त्री, रविवारी ये. तू आखून दिलंस की सुरू करू. पुढच्या साली व्हायला पायजे." आणि मी, सभेचा ठराव खिशात असलेला माणूस, काय म्हणालो असेन? मी विचारले, माती किती लागेल.

सौ. राहीस आणि पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला मोहरीचे तेल, गरम, पण कढत नव्हे.

तुझा आतेभाऊ,
आत्माराम

ता.क. हे पत्र मूळ ज्यासाठी लिहायला घेतले ते वर राहून गेले. मंडळाचा दुसरा ठराव असा, की चि. भिकाजी याने नोकरीतून रजा काढून वा बदली घेऊन गावी यावे आणि संघाची जबाबदारी घ्यावी. कोर्स केलेला आपला माणूस, सर्वानुमते. तुला कळवण्याचे काम चिटणीस म्हणून माझ्याकडे आले, ते मी याद्वारे पार पाडले आहे.

ता.क. दुसरा. आता माझे सांगतो. नकार दे. गोदीच्या संघाच्या छापील कागदावर, काशीरामशेठच्या नावाने, की रजा मिळत नाही, आणि आपल्याकडे उस्ताद करीम यांच्यासारखा जाणकार माणूस असताना बाहेरून कोणी आणणे योग्य वाटत नाही. 'जाणकार' हा शब्द अवश्य घाल. तू मनातून यायला उत्सुक असशील तर मला माफ कर, पण दोन वर्षे थांब.

ता.क. तिसरा, आणि हा दमयंतीलाही दाखवलेला नाही. ६९ साली पुळणीवरचे मैदान मीच आखले. तू तेव्हा लहान होतास. पहिल्याच दिवशी करीमने चेंडू मधोमध ठेवला आणि तो हळूहळू समुद्राकडे निघाला. करीम म्हणाला, "मेस्त्री, चेंडू खाली जातोय." मी सगळ्यांसमोर पातळी बघायची पाणसळ वाळूवर ठेवली, नळीतला बुडबुडा बरोबर मधे आला, आणि मी म्हटले, "चेंडू अडाणी आहे, पाणसळ नाही. तू लाथा शिकव, रेषा माझ्यावर सोड." लोक हसले. तो एवढेच म्हणाला, की मेस्त्री म्हणतो तर वारा असेल, आणि शिट्टी वाजवली. पाणसळ मी लांबीला धरली होती. रुंदीला धरलीच नव्हती. ही गोष्ट त्याने सतरा वर्षांत कोणाला सांगितली नाही, आणि त्या रविवारी वखारीतही सांगितली नाही.

पुढची सभा रविवारी, २३ तारखेला. तुझा नकार त्याआधी आला तर विषयच मिटेल आणि मला काही बोलावे लागणार नाही. नाही आला तर मला उभे राहून हे सगळे सांगावे लागेल. तेव्हा पत्र लगेच टाक. किंवा अगदी लगेचच टाकले पाहिजे असे नाही, असेही मला कधीकधी वाटते.