वारा कुणीकडचा होता

प्रिय आर्विड,

तुझं पत्र आणि धुरी दिलेल्या सॅमन माशाचा डबा मंगळवारी टपालाच्या विमानातून आला. डबा अजून उघडला नाही. नऊ वर्षं दर सप्टेंबरात तू हा पाठवतोस आणि सोबत लिहितोस, ‘लोर्ना, तुझ्या नवऱ्याला मी सुखरूप उतरवू शकलो नाही, मला माफ कर.’ मीही उलट टपाली कळवते, की माझ्या मनात काही नाही.

सिग्ना कालपासून इथे आहे. तुझी पोर आता खडीच्या या तोकड्या धावपट्टीवर इतकं अलगद विमान टेकवते, की माझ्या केल्विननं तुला चिडवलं असतं, ‘बघ, शीक काही लेकीकडून.’ रात्री जेवताना ती म्हणाली, बाबा माझ्या विमानात पाऊल ठेवत नाही. वाऱ्याची चौकशी न करता उतरणाऱ्यानं पुन्हा विमानाचं नाव घेऊ नये, म्हणतो.

डोक्याला मार बसल्यामुळे त्या दुपारचं तुला काहीच आठवत नाही. वारा दाखवणारी कापडी पिशवी आदल्या वादळात फाटली होती. म्हणून उतरण्याआधी तू रेडिओवर मला विचारायचास, आणि मी बाहेर जाऊन गवत कुठे झुकलंय ते पाहून सांगायची. त्या दिवशी तू केल्विनला दातांच्या डॉक्टरकडून परत आणत होतास. वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं, तर तू वारा पाठीवर घेऊन उतरलास. पट्टी संपली तरी विमान थांबलं नाही, पुढच्या झुडपांत जाऊन उलटलं. केल्विन जागीच गेला.

अँकरेजच्या इस्पितळात तू शुद्धीवर आलास, तेव्हा त्याला पुरून चार दिवस झाले होते. तू माझा हात धरून विचारलंस, “मी वारा विचारला होता का गं?”

मी म्हणाले, “नाही.” अपघाताच्या चौकशीला आलेल्या माणसालाही तेच सांगितलं.

तू विचारलं होतंस, आर्विड. नेहमीसारखंच. चुलीवर ब्लूबेरीचा जॅम होता, तळाला लागेल म्हणून मी जागची हललेच नाही. ‘सकाळचाच वारा आहे, ये,’ एवढं म्हणून मोकळी झाले. वारा तोवर उलटला होता. केल्विनला मी मारलं, आणि नऊ वर्षं तुझी माफी घेत बसले. हे पत्र याआधी तीनदा लिहून चुलीत घातलंय. म्हणून या वेळी आज सकाळी आधी सिग्नाला सांगितलं, चौकशीच्या कचेरीलाही लिहिलं. सिग्ना म्हणाली, “पत्र मी नेते. पण तो वाचेल तेव्हा मी त्याच्याजवळ बसणार आहे.” आता ती बाहेर विमानापाशी उभी आहे. पाकीट बंद करते.

तुझीच म्हणवून घ्यायला न धजणारी,
लोर्ना